मुलासाठीचा वर्ज्य-आहार आणि कुटुंबजीवन : पथ्य व प्रयोग यांतील अंतर

प्रास्ताविक

लहान मुलाला वारंवार होणारे जुलाब, अंगावर उठणारा इसब, दूध पाजल्यानंतर होणाऱ्या उलट्या किंवा न वाढणारे वजन यांचे कारण शोधताना बालरोगतज्ज्ञ काही वेळा संशयित अन्नपदार्थ ठरावीक काळासाठी मुलाच्या आहारातून पूर्णपणे काढून टाकण्यास सांगतात. वैद्यकात या पद्धतीला 'एलिमिनेशन डाएट' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'वर्ज्य-आहार' हा शब्द योजला आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही सूचना एका ओळीत मावते. ती अमलात येते मात्र घरातील ओट्यावर, देवघरात, आजोळच्या मुक्कामात आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत. औषध देणारा एक हात असतो. अन्न देणारे हात घरात चार-सहा असतात. त्यामुळे वर्ज्य-आहाराचे यश किंवा अपयश हे मुलाच्या शरीराइतकेच कुटुंबाच्या रचनेवर अवलंबून राहते.

वर्ज्य-आहाराचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात पदार्थ काढायचा असतो आणि दुसऱ्या भागात तोच पदार्थ ठरवून पुन्हा द्यायचा असतो. निदान होते ते दुसऱ्या भागात. व्यवहारात मात्र पहिला भाग मोठ्या कष्टाने पार पडतो आणि दुसरा राहून जातो. तो का राहून जातो आणि त्यात कुटुंबातील व्यवहारांचा वाटा कोणता, याचे विवेचन येथे प्रामुख्याने दुधाच्या संदर्भात व आनुषंगाने गव्हाच्या संदर्भात केले आहे.

पथ्य आणि प्रयोग

मराठी कुटुंबाला खाण्यापिण्यावरील निर्बंध नवे नाहीत. कावीळ झाली की तेल-तूप बंद, ताप आला की मऊ भात, खोकल्यात दही-केळे नको, बाळंतिणीला वातूळ भाज्या वर्ज्य, असे असंख्य नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. या सर्वांसाठी 'पथ्य' हा एकच शब्द पुरतो. पथ्याचे स्वतःचे एक तर्कशास्त्र आहे. त्यात उत्तर आधीच ठरलेले असते : अमुक पदार्थ या अवस्थेत बाधतो. पाळणाऱ्याने तो निष्ठेने टाळायचा. थोडे मोडले तर थोडे बाधते, आणि आजार गेला की पथ्यही सुटते.

वर्ज्य-आहारात उत्तर ठाऊक नसते. दूध बंद करायचे ते दूध वाईट आहे म्हणून नव्हे. दूध हे कारण आहे काय, हे कळावे म्हणून. तीन आठवडे कसोशीने दूध टाळले आणि चौथ्या आठवड्यात कोणी प्रेमाने पेढा भरवला, तर येथे 'थोडे' मोडत नाही. त्यानंतर उठलेल्या किंवा न उठलेल्या इसबाचा अर्थ लावणेच अवघड होते. त्याचप्रमाणे हा आहार आपोआप सुटतही नाही. तो ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रीतीने सोडावा लागतो.

घरात आल्यावर हा प्रयोग नकळत पथ्याच्या साच्यात ओतला जातो आणि त्यातून परस्परविरुद्ध दिशांच्या दोन चुका संभवतात. आजी-आजोबांची पिढी म्हणते, 'अगं, एवढ्याशाने काय होतंय? आमची चार मुलं दुधावरच वाढली.' आई-वडिलांची पिढी म्हणते, 'आता बरं आहे ना, मग बंदच राहू दे.' पहिल्या वाक्याने प्रयोगाचा पहिला भाग मोडतो, दुसऱ्याने दुसरा. दुसरे वाक्य अधिक सुशिक्षित वाटत असले, तरी मुलाच्या दृष्टीने त्याचे परिणाम अधिक काळ टिकणारे असू शकतात.

इतिहासातील काही दाखले

पदार्थ काढून पाहणे आणि पुन्हा देऊन पाहणे यांतील भेद वैद्यकालाही सहजासहजी उमगलेला नाही. कॅलिफोर्नियातील डॉक्टर अल्बर्ट रो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲलर्जीच्या रुग्णांसाठी वर्ज्य-आहाराची पद्धतशीर मांडणी केली. त्याच सुमारास, १९२४ मध्ये, न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी सिलिॲक या आजाराच्या मुलांना केळी-प्रधान आहार देऊन उल्लेखनीय सुधारणा घडवून आणली. मुले खरोखर सुधारली. श्रेय मात्र केळ्याला मिळाले. त्या आहारातून पाव वगळला गेला होता, हे खरे कारण होते. मुले पूर्ण बरी झाली असे मानून पुढे त्यांना नेहमीचा आहार घेण्यास मोकळीक देण्यात येई. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या की सुधारणेचे श्रेय भलत्याच गोष्टीला जाते, याचे हे ठळक उदाहरण होय.

गव्हाचा दोष दाखवून दिला तो नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीचाच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव दुर्मीळ झाला. भुकेने माणसे मरत असताना सिलिॲकच्या मुलांची प्रकृती मात्र बिघडण्याऐवजी सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर ती पुन्हा ढासळली. डिके यांचा प्रबंध उत्रेख्त येथे १९५० मध्ये सादर झाला. पदार्थ जाणे आणि परत येणे या दोन्ही गोष्टी पाहिल्या गेल्या, म्हणूनच हे अनुमान भक्कम ठरले. हास यांच्याजवळ अर्धाच प्रयोग होता.

पालकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा दाखला १९९४ मधील एका अमेरिकन अभ्यासाचा आहे. साखर खाल्ल्याने आपला मुलगा अतिचंचल होतो असे मानणाऱ्या मातांपैकी काहींना, मुलाला भरपूर साखर दिली आहे असे सांगण्यात आले. वस्तुतः सर्वच मुलांना साखर नसलेले गोड पेय दिले होते. 'साखर दिली' असे ऐकलेल्या मातांना आपली मुले अधिक चंचल दिसली. एवढेच नव्हे, तर त्या मुलांच्या अधिक जवळ राहू लागल्या आणि त्यांना अधिक टोकू लागल्या. म्हणजे अपेक्षेने केवळ निरीक्षण बदलले नाही, आईचे वागणेही बदलले. यात मातांना दोष देण्यासारखे काही नाही. रात्र-रात्र मूल कडेवर घेऊन बसलेल्या व्यक्तीकडून तटस्थ निरीक्षणाची अपेक्षा करणेच मुळात अवाजवी आहे. याच कारणाने १९७६ पासून संशोधनात, संशयित पदार्थ कोणत्या दिवशी दिला हे पालकांनाही न सांगता केलेली चाचणी सर्वांत विश्वासार्ह मानली जाऊ लागली.

आणखी एक बाब सांगणे आवश्यक आहे. पालक वर्ज्य-आहाराकडे वळतात ते त्रास सर्वाधिक असताना. इसबासारखा कमी-जास्त होणारा विकार शिखरावरून काही प्रमाणात स्वतःहूनही उतरतो. त्याच आठवड्यात दूध बंद केलेले असेल, तर ती उतरण दुधाच्या खाती जमा होते. पदार्थ पुन्हा देऊन पाहिल्याखेरीज हा हिशेब तपासता येत नाही.

'दूध मानवत नाही' या वाक्याचे अर्थ

'मानवत नाही', 'सोसत नाही', 'बाधते' हे मराठीतील अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहेत. अडचण अशी की त्यांत वैद्यकीयदृष्ट्या भिन्न असलेल्या अवस्था एकत्र येतात. दुधातील लॅक्टोज ही साखर न पचल्याने पोट फुगणे व पातळ शौच होणे ही एक अवस्था. यात शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा संबंध नसतो, थोडे दूध चालू शकते आणि दही बहुधा सोसते. दुधातील प्रथिनांविरुद्ध प्रतिकारयंत्रणेने दिलेली प्रतिक्रिया, म्हणजेच ॲलर्जी, ही निराळी अवस्था होय. तिच्यात दहीही चालत नाही, कारण विरजणाने साखर घटते, प्रथिने राहतात. ॲलर्जीचेही प्रकार आहेत. काही मुलांना दूध प्यायल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. इतरांत काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी उलट्या, रक्तमिश्रित शौच अथवा इसब दिसतो. पहिल्या प्रकारात त्वचेवरील व रक्ताच्या चाचण्यांची मदत होते. उशिरा उमटणाऱ्या प्रतिक्रियांसाठी मात्र खात्रीची प्रयोगशाळा-चाचणी नाही. तेथे वर्ज्य-आहार हेच निदानाचे मुख्य साधन ठरते.

या ठिकाणी दोन समजुतींचा परामर्श घेणे उचित ठरेल. गाईचे दूध बाधत असेल तर म्हशीचे किंवा शेळीचे द्यावे, असे सर्रास सुचवले जाते. या प्राण्यांच्या दुधांतील प्रथिने परस्परांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाची ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य मुलांना दुसरेही बाधते. दूध चांगले आटवून द्यावे, ही दुसरी सूचना. दुधातील केसीन हे प्रथिन उकळण्याने फारसे बदलत नाही. याखेरीज, शंभर-दीडशे पदार्थांची यादी देणाऱ्या 'आयजीजी' रक्तचाचण्यांच्या आधारे मुलाचे अन्न बंद करण्याचा प्रकारही आढळतो. अन्न-ॲलर्जीच्या निदानासाठी या चाचण्या वापरू नयेत, असे युरोपीय ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. अशी यादी घेऊन घरी आलेले कुटुंब एका मुलासाठी वीस पदार्थ बंद करते आणि हास यांच्या केळ्यासारखीच चूक करून बसते.

गव्हाचे प्रकरण स्वतंत्र आहे. सिलिॲकचा संशय असल्यास रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करता कामा नये. गहू आधीच थांबवला तर रक्तातील प्रतिद्रव्ये घटतात व आजार असूनही तपासणी नकारात्मक येऊ शकते. निदान पक्के झाल्यावर मात्र गहू, जव व राय यांचा त्याग आयुष्यभरासाठी असतो. येथे प्रयोग संपून खरे पथ्य सुरू होते. भारतात हा आजार उत्तरेकडे तुलनेने अधिक व दक्षिणेकडे बराच कमी आढळला आहे.

स्वयंपाकघरातील व्यवहार

दूध काढणे म्हणजे पेला काढणे नव्हे. मराठी घरात दूध पातेल्याबाहेर दूरवर पसरलेले असते. वरण-भातावरील तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो. कढी, मठ्ठा, कोशिंबिरीतील दही, दुधात भिजवलेल्या दशम्या, शिरा, चहाचा घोट, पाव-बिस्किटांतील दुधाची भुकटी, या सर्वांची नोंद घ्यावी लागते. अन्नपदार्थांच्या वेष्टनांवर दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, कठीण कवचाची फळे, सोयाबीन व ग्लुटेनयुक्त धान्ये यांचा स्पष्ट उल्लेख असणे २०२० च्या भारतीय वेष्टन-नियमांनुसार बंधनकारक आहे. मात्र कोपऱ्यावरच्या बेकरीतील सुट्या नानकटाईला वेष्टन नसते.

मूल अंगावर पीत असेल तर प्रसंगी आईलाच दूध सोडावे लागते. बाळंतपणानंतर दुधातील अळिवाची खीर, तूप घातलेले डिंकाचे लाडू, दिवसातून दोन वेळा दूध हा आईच्या पोषणाचा आणि कौतुकाचाही भाग असतो. ते नाकारणारी सून घरात एकाच वेळी हट्टी आणि केविलवाणी ठरते. वडीलधाऱ्यांच्या प्रतिक्रियेमागील भूमिकाही समजून घेतली पाहिजे. ज्या पिढीने मुंबईत दुधाच्या कार्डासाठी पहाटे रांगा लावल्या, तिच्यासाठी नातवाच्या हातातील दुधाचा पेला ही आयुष्यभराच्या कष्टांची पावती आहे. तो पेला काढून घेणाऱ्या सूचनेला विरोध होतो तेव्हा तो केवळ अज्ञानातून होतो असे म्हणता येत नाही.

उलटपक्षी, याच पिढीजवळ एक उपयुक्त ज्ञान असते. ॲलर्जी असलेल्या मुलासाठी वेगळा चमचा, वेगळे भांडे, दुधाचा हात धुऊनच दुसऱ्या पदार्थाला लावणे हे नियम तरुण पालकांना क्लिष्ट वाटतात. सोवळ्या-ओवळ्याच्या व खरकट्याच्या कल्पनांत वाढलेल्या आजीला मात्र, एका थेंबाने सारे पातेले 'लागते' हे वेगळे शिकवावे लागत नाही. सोवळ्याच्या सामाजिक इतिहासाची जड बाजू विसरण्याचे कारण नाही. परंतु स्पर्शातून होणारे मिश्रण टाळण्याची जी शिस्त त्या व्यवहारात होती, ती येथे एका वैद्यकीय कारणासाठी उपयोगी पडू शकते. आजीवर नुसती बंदी घालण्याऐवजी मुलाच्या भांड्यांची जबाबदारीच तिच्याकडे दिली, तर विरोधाचे रूपांतर सहभागात होण्याची शक्यता वाढते.

गहू वर्ज्य असलेल्या घरात हीच अडचण गिरणीत उभी राहते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही. पण गल्लीतील गिरणीत आधी गहू दळला असेल तर पुढच्या ज्वारीत त्याचे पीठ उतरतेच. भारतीय नियमांनुसार 'ग्लुटेन-मुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही, आणि ही मर्यादा गिरणीच्या जात्यात उरलेल्या मूठभर पिठानेही सहज ओलांडली जाते. म्हणून अशा कुटुंबात घरघंटी ही चैनीची वस्तू राहत नाही. डबीतल्या हिंगाचेही तसेच. शुद्ध हिंग अति उग्र असल्याने बाजारातील मिश्र हिंगात डिंक व पीठ मिसळलेले असते आणि ते पुष्कळदा गव्हाचे असते. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. या सर्वांवर उपवासाच्या फराळाने मात केली आहे, ही एक गमतीची गोष्ट होय. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा यांत गहू नाही. एकादशीच्या दिवशी घरातील सर्वजण जे खातात, तेच त्या मुलालाही चालते. पिठे निर्भेळ आहेत एवढे पाहिले की पुरे.

पोषणाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. अशा परिस्थितीत शाकाहारी कुटुंबातील मुलाचे दूध बंद करणे म्हणजे प्रथिने व कॅल्शियम यांचा मोठा स्रोत काढून घेणे होय. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दररोज सुमारे ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम, तर शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. आकडा पाहून नाचणी श्रेष्ठ वाटते. परंतु लहान मूल दिवसाला शंभर ग्रॅम नाचणी खात नाही आणि तिच्यातील फायटेटमुळे शोषणही कमी होते. नाचणी भिजवून, मोड आणून सत्त्व काढण्याच्या जुन्या रीतीने फायटेट काही अंशी घटते. तीळ, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, मासे खाणाऱ्या घरात काट्यासह खाता येणारी लहान मासळी यांची जोड द्यावी लागते आणि बहुधा डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियमचे औषधही. कोकण व गोव्यातील घरांना नारळाच्या दुधाची सवय असल्याने चवीचा प्रश्न तेथे लवकर सुटतो. मणगणे, सोलकढी, खीर, सारे जमते. नारळाच्या दुधात प्रथिने व कॅल्शियम मात्र अल्प असतात, त्यामुळे नावात 'दूध' असले तरी ते दुधाची जागा घेत नाही. एक वर्षाखालील बाळाच्या बाबतीत तर पेज किंवा नारळाचे दूध हा पर्यायच नव्हे. आईचे दूध पुरेसे नसल्यास प्रथिनांचे विघटन केलेले खास दूध-चूर्ण लागते आणि त्याची किंमत अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते.

या साऱ्या व्यवहारात श्रमाची वाटणी कशी होते, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. डॉक्टरांकडे जाण्याचा निर्णय दोघांचा असतो; वेष्टने वाचणे, दुसरी भाजी करणे, वहीत नोंदी ठेवणे आणि पाहुण्यांना समजावणे हे काम मात्र बहुतेक घरांत आईच्या वाट्याला येते. मूल सुधारले तर श्रेय डॉक्टरांना आणि बिघडले तर 'तूच काहीतरी दिलं असशील' हा प्रश्न तिला. पूर्ण घराने काही आठवडे मुलाच्या ताटातले अन्न स्वीकारले, तर दुहेरी स्वयंपाक टळतो आणि मोठ्या भावंडाची श्रीखंडाची वाटी लपवण्याचा प्रसंगही येत नाही.

पंचांगातील जागा

वर्ज्य-आहारासाठी साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. दिनदर्शिका समोर ठेवली की या मुदतीची अडचण ध्यानी येते. श्रावणात सणांची रांग, गोकुळाष्टमीचा दहीकाला, गणपतीचा पंचामृत व पेढ्यांचा नैवेद्य, पितृपक्षातील खीर, कोजागरीचे मसाला दूध, दिवाळीचा फराळ, अशी ही साखळी आहे. श्रावण ते दिवाळी या काळात मराठी घरात सलग चार दूधविरहित आठवडे सापडणे कठीण. पावसाळ्यात पोटाचे संसर्ग वाढत असल्याने त्या काळातील जुलाबांचा अर्थही संदिग्ध राहतो. त्रास तीव्र नसेल, तर डॉक्टरांशी बोलून दिवाळीनंतरचा सणविरळ काळ निवडणे शहाणपणाचे. गव्हाच्या बाबतीत स्थिती थोडी निराळी आहे : उकडीचे मोदक व अनारसे तांदळाचे असतात, पुरणपोळीला मात्र पर्याय शोधावा लागतो.

प्रसादाचा प्रश्न नाजूक आहे. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, दूध व तूप तिन्ही असतात, आणि प्रसादाला नाही म्हणू नये हा संस्कार खोल रुजलेला असतो. यजमानांना आधी कळवले तर मुलाच्या हातावर केळे किंवा खोबरे ठेवता येते. नैवेद्यातील फळही प्रसादच होय, हे सांगण्यासाठी कोणाशी वाद घालावा लागत नाही.

शाळेत डबे वाटून खाण्याची चांगली सवय लावलेली असते आणि वाढदिवसाला चॉकलेट वाटले जाते. अशा मुलाला 'देऊ नकोस, घेऊ नकोस' हे वर्गात सांगावे लागते. शिक्षकांना लेखी कळवणे आणि मुलासाठी चालणाऱ्या खाऊचा एक डबा वर्गात ठेवणे, एवढ्याने बराच भाग निभावतो. ज्यांना तीव्र व तत्काळ प्रतिक्रिया येते, त्यांच्याबाबत मात्र शाळेशी आपत्कालीन व्यवस्थेविषयी बोलणे अनिवार्य आहे.

पुन्हा देण्याची पायरी

चार आठवडे संपतात. मुलाचा इसब उतरलेला असतो, रात्रीची झोप लागू लागलेली असते, वजन पाव किलोने वाढलेले असते. याच क्षणी डॉक्टर सांगतात की आता दूध पुन्हा द्या. ज्या आईने महिनाभर दुधाच्या थेंबालाही शत्रू मानले, तिच्या दृष्टीने ही सूचना क्रूर वाटावी अशीच असते. घरातील इतरांनाही ती अनाकलनीय वाटते, कारण पथ्याच्या तर्कात याला जागाच नाही. बरे झालेल्या मुलाला मुद्दाम बाधणारी वस्तू कोण देईल? म्हणून पुढच्या भेटीला जाणे लांबते आणि चार आठवड्यांचा प्रयोग दोन-तीन वर्षांचे वास्तव होऊन बसतो.

या लांबणीची किंमत केवळ कॅल्शियमपुरती नसते. दुधाची ॲलर्जी असलेली बहुसंख्य मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंत तिच्यातून बाहेर पडतात. पुन्हा देऊन पाहिले नाही तर हे कळतच नाही. शिवाय, दीर्घकाळ टाळल्याने शरीराची सहनशीलता घटू शकते. इसब असलेल्या काही मुलांना, पूर्वी केवळ उशिरा बाधणारा पदार्थ दीर्घ खंडानंतर दिल्यावर तीव्र व तत्काळ प्रतिक्रिया आल्याचे आढळले आहे. टाळणे नेहमी सुरक्षितच असते, हा समज शेंगदाण्याच्या इतिहासानेही खोटा ठरवला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत असे सुचवले व २००८ मध्ये ती शिफारस मागे घेतली. लंडनमध्ये ६४० बालकांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बालवयापासून शेंगदाणे खाणाऱ्या मुलांत त्याची ॲलर्जी टाळणाऱ्यांपेक्षा पुष्कळच कमी आढळली. ज्या स्वयंपाकात दाण्याचे कूट कोशिंबिरीपासून आमटीपर्यंत पडते, तेथील पालकांनी ही माहिती अवश्य लक्षात घ्यावी.

पुन्हा देण्याची रीत मुलागणिक बदलते. पूर्वी गांधी, सूज, श्वास लागणे किंवा दूध दिल्यावर काही तासांत निस्तेज करणाऱ्या सलग उलट्या झाल्या असतील, तर हा भाग रुग्णालयातच करायचा असतो. घरी कदापि नाही. सौम्य व उशिरा उमटणाऱ्या त्रासात डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी, अल्प मात्रेपासून काही दिवसांत चढत जाता येते. मोठ्या मुलांत काही वेळा पिठात मिसळून दीर्घकाळ भाजलेल्या पदार्थापासून, उदाहरणार्थ दूध घातलेल्या बिस्किटापासून, सुरुवात केली जाते. पिठासह भाजल्याने प्रथिनांची बाधकता घटते व पुष्कळ मुलांना असे दूध आधी सोसू लागते. पालकांच्या मनातील भीतीमुळे निष्कर्ष संदिग्ध होईल असे वाटल्यास डॉक्टर नाचणीच्या खिरीसारख्या पदार्थात दूध मिसळलेले व न मिसळलेले असे दोन नमुने घेऊन, कोणता कधी दिला हे न सांगता चाचणी करू शकतात. चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांनी पुन्हा देण्याची तारीख नोंदवली आणि ती घरातील दिनदर्शिकेवर सर्वांना दिसेल अशी लिहिली गेली, तर आजीलाही या निर्बंधाला शेवट आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक राहते, आणि 'एवढ्याशाने काय होतंय' या वाक्याचा जोर कमी होतो.

लक्षणे परतली तर निदान पक्के होते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मग साधारणतः सहा महिने, किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचे होईपर्यंत, दूध थांबवून पुन्हा चाचणी घेतली जाते. लक्षणे परतली नाहीत, तर दूध निर्दोष ठरते व कारणाचा शोध अन्यत्र करावा लागतो. अशा वेळी एक किरकोळ वाटणारी अडचण येते : महिनाभर दूध न चाखलेले मूल त्याची चव नाकारते. पेला पुढे करून आग्रह करण्यापेक्षा दही-भाताच्या दोन घासांपासून आरंभ करणे बहुतेक घरांत सोपे जाते.